विश्लेषण : घरात उरलेल्या गोळ्या मोर्णा-पेढीपर्यंत कशा पोहोचतात?

दिवाळीची आवराआवर निघाली की कपाटावरचा औषधांचा डबा खाली उतरतो. त्यात अर्धी उरलेली खोकल्याची बाटली असते, तीन गोळ्या शिल्लक असलेली प्रतिजैविकाची पट्टी असते, मुदत संपलेले डोळ्यांचे थेंब असतात. अनेक घरांत गेल्या वर्षी वारलेल्या आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही तशाच पडून असतात. औषध हवे असेल तर कुठे मिळते हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. उरलेले औषध कुठे द्यायचे, हे मात्र अमरावती-अकोल्यात चार जणांना विचारले तर चारही जण बहुधा घंटागाडीकडे बोट दाखवतील. बाटली बेसिनमध्ये रिकामी होते, गोळ्या शौचालयात किंवा कचऱ्याच्या डब्यात जातात. पुढे त्यांचे काय होते आणि ते थांबवण्यासाठी कायद्यात कोणती सोय आहे, याविषयी...

औषध पाण्यात जाते म्हणजे नेमके काय होते?

पाण्यात पोहोचणाऱ्या औषधांपैकी मोठा वाटा फेकलेल्या गोळ्यांचा नसतो, हे आधी स्पष्ट करायला हवे. तो असतो आपल्या शरीरातून बाहेर पडलेल्या औषधांचा. मधुमेहाचे सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध मेटफॉर्मिन. शरीर त्याचे विघटन करत नाही. ते काम करते आणि जसेच्या तसे बाहेर पडते. अमॉक्सिसिलिनसारख्या प्रतिजैविकाचाही मोठा भाग काही तासांत मूत्रावाटे निघून जातो. गुडघ्याला चोळलेल्या डायक्लोफेनॅकच्या मलमापैकी तर जेमतेम ६ ते ७ टक्केच त्वचेतून आत शिरते. उरलेले टॉवेलला, कपड्यांना लागते किंवा आंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून जाते.

हा वाटा कमी करणे सामान्य माणसाच्या हातात फारसे नाही. शुगरची गोळी बंद करता येत नाही आणि कुणी करूही नये. फेकलेल्या औषधाची गोष्ट निराळी आहे. शौचालयात ओतलेली बाटली शरीरातून गेलेलीच नसते, त्यामुळे तिच्यातले औषध शंभर टक्के पाण्यात उतरते. एकाच वेळी, पूर्ण ताकदीनिशी. आणि हे टाळण्यासाठी कुणाला उपचार सोडावे लागत नाहीत.

कचऱ्याच्या गाडीत टाकलेल्या गोळ्यांचा प्रवास जरा लांबचा असतो. अमरावतीचा कचरा वर्षानुवर्षे सुकळीच्या डेपोवर जात आला, अकोल्याचा नायगावला. कचऱ्याच्या ढिगावर पाऊस पडला की त्यातून काळे पाणी झिरपते. गोळ्यांमधले विरघळणारे सारे त्या पाण्यात येते आणि उताराला लागते. ढीग पेटला तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. गोळ्यांची पट्टी पीव्हीसी प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमची असते. उघड्यावर, कमी तापमानात पीव्हीसी जळले की विषारी वायू निघतात आणि औषधही पूर्ण नष्ट होत नाही.

वऱ्हाडातल्या नद्यांसाठी हा प्रश्न जास्त गंभीर का?

उत्तर एका शब्दात सांगायचे तर पाणी. वर्षभर दुथडी वाहणाऱ्या नदीत शहराचे सांडपाणी मिसळले की ते पातळ होते. वऱ्हाडातल्या नद्यांना ही सवलत पावसाळ्याचे चार महिने मिळते. होळी उलटली की अकोल्यातली मोर्णा किंवा अमरावतीजवळची पेढी यांच्या पात्रात डोंगरातून आलेले पाणी नावालाच उरते. जे वाहताना दिसते ते बहुतांशी शहराच्या नाल्यांनी आणून सोडलेले असते. म्हणजे औषधाचे प्रमाण तेच, पण ते पातळ करणारे पाणी गायब.

मोर्णा पातूरकडच्या डोंगरातून निघते, अकोला शहराच्या मधून जाते आणि पूर्णेला मिळते. शहरात शिरल्यावर तिच्यावर जलकुंभीचा हिरवा गालिचा पसरतो. जलकुंभी माजते ती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर, त्यामुळे या नदीत काय वाहते हे सांगायला वेगळ्या प्रयोगशाळेची गरज पडत नाही. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर नदीत उतरले, जलकुंभी काढली आणि त्या महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. मोहीम कौतुकाचीच होती. पण जलकुंभी हाताने उपटता येते, विरघळलेले औषध येत नाही.

अमरावतीत अंबा नाला शहराचे पाणी घेऊन पेढीच्या दिशेने जातो. याच पेढी नदीच्या पुलाजवळ, वलगावला, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. आयुष्यभर खराटा हातात धरलेल्या माणसाच्या अखेरच्या आठवणीशी जोडलेल्या नदीची उन्हाळ्यातली अवस्था पुलावरून जाणाऱ्या कुणालाही दिसते.

पेढी आणि मोर्णा दोन्ही पूर्णेच्या लेकी. पूर्णा पुढे बुलढाणा, जळगाव जिल्ह्यांतून जाऊन चांगदेवला तापीत मिसळते आणि त्या संगमापाशीच हतनूर धरण आहे. तिथवर पोहोचेपर्यंत बरेच काही बदलते हेही खरे. डायक्लोफेनॅकसारखी काही औषधे उन्हाने तुटतात, सिप्रोफ्लोक्सासिनसारखी गाळाला चिकटून बसतात. अपस्माराच्या रुग्णांना दिले जाणारे कार्बामाझेपिन मात्र चिवट असते आणि लांबवर टिकते. शिवाय जे तुटते त्याची भरपाई रोज सकाळी नव्याने होत राहते, त्यामुळे नदीतल्या माशाच्या दृष्टीने औषध कधी संपतच नाही.

मग नळाचे पाणी धोक्यात आहे का?

घाबरून जाण्याचे कारण नाही. अमरावतीला पाणी येते मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून. ही धरणे या शहरांच्या सांडपाण्याच्या वाटेवर नाहीत. खारपाणपट्ट्यातल्या अनेक गावांना ८४ खेडी, ६४ खेडी अशा प्रादेशिक योजनांतून वान आणि काटेपूर्णा धरणांचे पाणी मिळते. जगभरात पिण्याच्या पाण्यात औषधांचे जे अंश सापडले, ते बहुतेक वेळा उपचाराच्या मात्रेपेक्षा हजारो पटींनी कमी होते.

धोका आहे तो नदीत राहणाऱ्या जिवांना, नदीवर पाणी पिणाऱ्या जनावरांना आणि नाल्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकतो तिथल्या मातीला. त्यातही खारपाणपट्ट्यात भूजल खारट. विहिरीचे पाणी माणसाच्या आणि पिकाच्या फारसे उपयोगाचे नाही. ज्या भागात विहीर साथ देत नाही, तिथे नदीच्या पाण्याची किंमत दुप्पट असते. पूर्णेचे खोरे नेमके तसे आहे.

इतक्या सूक्ष्म मात्रेने काय बिघडते?

औषध हे कमी मात्रेत परिणाम व्हावा म्हणूनच बनवलेले असते. माशाच्या शरीरातही माणसासारखीच संप्रेरके आणि त्यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात शास्त्रज्ञांनी एका अख्ख्या तलावावर प्रयोग केला. सलग तीन उन्हाळे त्यांनी पाण्यात गर्भनिरोधक गोळीतले कृत्रिम इस्ट्रोजेन सोडले. मात्रा किती, तर लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. नर माशांच्या शरीरात मादीची लक्षणे दिसू लागली, प्रजनन कोलमडले आणि तलावातल्या एका छोट्या माशाची संख्या जवळजवळ शून्यावर आली. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

२०२२ मध्ये आणखी मोठी पाहणी समोर आली. १०४ देशांतल्या २५८ नद्यांचे पाणी १,०५२ ठिकाणी तपासले गेले. त्यात भारतातल्या नद्याही होत्या. सर्वांत जास्त ठिकाणी सापडली ती कार्बामाझेपिन, मेटफॉर्मिन आणि कॅफिन. सुमारे चौथ्या हिश्शाच्या ठिकाणी निदान एका औषधाचे प्रमाण जलचरांसाठी सुरक्षित मानलेल्या पातळीपेक्षा जास्त होते. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्थिती अधिक वाईट निघाली. कारणे ओळखीची होती: सांडपाण्यावर प्रक्रिया नाही, कचरा नदीकाठी टाकला जातो आणि औषधनिर्मितीचे पाणी नीट हाताळले जात नाही.

प्रतिजैविकांची भीती वेगळी का?

कारण तिथे बळी फक्त माशाचा नसतो. सांडपाण्यात कोट्यवधी जिवाणू असतात. त्यात प्रतिजैविकाचा थोडा अंश मिसळला की दुबळे जिवाणू मरतात आणि त्या औषधाला दाद न देणारे उरतात. ते वाढतात. एवढेच नव्हे, तर औषधाला हरवण्याची ही युक्ती, म्हणजे तो जनुक, एक जिवाणू शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. रुग्णालयाचे, घरांचे आणि गोठ्याचे पाणी जिथे एकत्र येते तो नाला अशा देवघेवीची बाजारपेठ असतो. औषधांना न जुमानणाऱ्या संसर्गांमुळे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला होता.

या प्रकरणात भारताचे नाव जगभर गेले ते हैदराबादजवळच्या पाटणचेरूमुळे. तिथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका केंद्रात येत असे. स्वीडिश संशोधकांनी तिथले पाणी तपासले. प्रक्रिया करून सोडलेले पाणी, हे लक्षात घ्यायचे. त्यात सिप्रोफ्लोक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात त्याचे जेवढे प्रमाण असते, त्याहून हे जास्त. दिवसाला जवळपास ४५ किलो सिप्रोफ्लोक्सासिन त्या केंद्रातून बाहेर पडत होते आणि संपूर्ण स्वीडनला ते पाच दिवस पुरले असते. ते पाणी ओढ्यांतून मांजरा नदीत जात होते. तीच मांजरा, जी बीड जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते.

या गदारोळानंतर केंद्राने जानेवारी २०२० मध्ये कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा नेमक्या त्या मर्यादा गळालेल्या होत्या.

वऱ्हाडात पाटणचेरूसारखा औषध-रसायनांचा पट्टा नाही. इथला मार्ग घर, दवाखाना आणि गोठा असा आहे. तो कमी मात्रेचा आहे, पण त्याच्या तोंडावर एखादा कारखाना नाही, ज्याला नोटीस बजावता येईल.

गिधाडांचे काय झाले होते?

वापरलेले औषध संपत नाही, हे भारताने एकदा फार महाग किमतीत शिकून घेतले आहे. नव्वदच्या दशकात डायक्लोफेनॅक स्वस्त झाले आणि जनावरांच्या तापावर, सुजेवर सर्रास दिले जाऊ लागले. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण सापडायला २००४ साल उजाडले. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही औषधेही जनावरांसाठी बंद झाली. पेंच आणि ताडोबात २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रातून गिधाडे आणावी लागली, त्यामागे हा सारा इतिहास आहे.

घरातल्या डब्याशी याचा संबंध थेट आहे. गाय लंगडते आहे, डॉक्टर तालुक्याला आहेत आणि घरात आजीच्या दुखण्याच्या गोळ्या उरल्या आहेत, अशा वेळी हात त्या डब्याकडे जातो. जनावरासाठी मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना सुरक्षित औषध पशुवैद्यकाकडे उपलब्ध असते. माणसांसाठीची उरलेली वेदनाशामके गोठ्यात नेऊ नयेत.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात औषध निघून जात नाही?

काही जाते, बरेच राहते. ही केंद्रे मैला आणि सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेली असतात. पॅरासिटामॉल तिथे बऱ्यापैकी नष्ट होते. डायक्लोफेनॅक अर्धवट निघते. कार्बामाझेपिन जवळपास तसेच पार होते. ते अडवायचे तर ओझोन किंवा सक्रिय कोळशाचा आणखी एक टप्पा लागतो आणि तो खर्चिक असतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नवा कायदा करून या टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांवर टाकला.

आपल्याकडे चर्चा अजून पहिल्या टप्प्याची आहे. दोन्ही शहरांत सेप्टिक टँकवर असलेली घरे असंख्य आहेत आणि टँकचे पाणी बाहेर पडून कुठे जाते हे त्या गल्लीतल्या नालीला विचारावे. नदीच्या पाण्याची नेहमीची तपासणीही आम्लता, विरघळलेला प्राणवायू, जैविक ऑक्सिजनची मागणी, मैल्यातले जिवाणू अशा मापांवर चालते. औषधांचे अंश त्या नेहमीच्या यादीत नसतात. त्यामुळे कागदावर सुधारलेली नदी या बाबतीत सुधारलेलीच असेल असे नाही.

कायदा काय म्हणतो?

इथे खरी मेख आहे. औषध एकच, पण ते कुणाच्या हातात मुदतबाह्य झाले यावर त्याचे नशीब ठरते.

रुग्णालयात मुदत संपलेली गोळी जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे पिवळ्या पिशवीत जाते. तिथून ती उत्पादकाकडे परत जाते किंवा सामायिक प्रक्रिया केंद्रातल्या भट्टीत. कर्करोगावरच्या औषधांसाठी तर १२०० अंश सेल्सिअसहून जास्त तापमान सांगितले आहे. औषध दुकानात मुदत संपलेला माल ‘एक्स्पायरी’च्या खोक्यात जमा होतो आणि स्टॉकिस्टमार्फत कंपनीकडे परत जातो, कारण त्यात दुकानदाराचे पैसे अडकलेले असतात.

घरातल्या गोळीत कुणाचेच पैसे अडकलेले नसतात.

तिच्यासाठी घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ होते. त्यात मुदतबाह्य औषधे, वापरलेल्या सुया, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, तुटलेले थर्मामीटर यांना ‘घरगुती घातक कचरा’ म्हटले होते. अशा कचऱ्यासाठी स्थानिक संस्थेने शहरात दर २० चौरस किलोमीटर किंवा त्याच्या भागासाठी एक जमा केंद्र उघडावे आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असे स्पष्ट लिहिले होते. अमरावती महापालिकेचे क्षेत्र १२१ चौरस किलोमीटरहून थोडे जास्त. हद्दवाढीनंतर अकोल्याचे सुमारे १२४. म्हणजे नियमाप्रमाणे प्रत्येक शहरात सात केंद्रे हवी होती. आपल्या प्रभागाचे केंद्र कुठे आहे, हे नगरसेवकाला किंवा आरोग्य निरीक्षकाला एकदा विचारून पाहण्यासारखे आहे. नियम दहा वर्षे पुस्तकात होता.

आता त्यांच्या जागी नवे घनकचरा नियम आले आहेत आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलबजावणीची तारीख आहे. त्यात ओला, सुका, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजीचा’ असे चार भाग केले असून औषधे चौथ्या भागात येतात. घंटागाडीला चौथा कप्पा लागला की नाही, हे प्रत्येकाला आपल्या दारातच पाहता येईल.

काही औषधे शौचालयातच टाका, असे सरकार का सांगते?

मे २०२५ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेने मुदतबाह्य औषधांच्या विल्हेवाटीबाबत मार्गदर्शक पुस्तिका काढली. त्यात १७ औषधे शौचालयात टाकून पाणी सोडावे, असे म्हटले आणि त्याच्या बातम्या मोठ्या झाल्या. अनेकांनी त्याचा अर्थ सगळीच औषधे फ्लश करावीत असा घेतला. तो चुकीचा आहे.

ही यादी मुख्यतः तीव्र वेदनाशामक आणि गुंगी आणणाऱ्या औषधांची आहे: फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, ऑक्सिकोडोन, डायझेपाम आदी. अशी एक गोळी किंवा फेंटानिलची एक पट्टी लहान मुलाच्या हाती लागली तर जीव जाऊ शकतो, शिवाय नशेसाठी तिचा गैरवापर होतो. पाण्यात जाणारा अंश विरुद्ध घरात होणारा मृत्यू, असा हा हिशेब आहे आणि त्यात मुलाचा जीव वरचढ ठरवला आहे. यादीबाहेरची औषधे, म्हणजे घरातल्या डब्यातली जवळपास सगळी, शौचालयात जायला नकोत. याच पुस्तिकेने राज्यांचे औषध नियंत्रण विभाग आणि केमिस्ट संघटनांनी मिळून औषधे परत घेण्याची मोहीम सुरू करावी, असेही सुचवले आहे. बातम्यांत ते मागे पडले.

केरळला कसे जमले?

तिरुवनंतपुरममध्ये २०१९ च्या सुमारास केमिस्ट संघटना आणि औषध नियंत्रण विभागाने दुकानांत उरलेली औषधे टाकण्यासाठी पेट्या ठेवल्या. त्या अनुभवावरून फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘एन-प्राउड’ नावाची योजना आली. सुरुवात कोझिकोड महापालिका आणि उळ्ळियेरी ग्रामपंचायतीपासून झाली. एक शहर, एक खेडे. औषधे जमा करून कोचीजवळच्या घातक कचरा केंद्रातल्या भट्टीत जाळली जातात. फ्रान्समध्ये हेच काम १९९३ पासून ‘सिक्लामेड’ करते. नागरिक गोळ्या नेहमीच्या औषध दुकानात परत देतात आणि खर्च औषध उद्योग उचलतो.

वऱ्हाडात यासाठी शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. पिवळ्या पिशव्या उचलणाऱ्या गाड्या रुग्णालयांच्या दारात आजही येतात. अमरावतीच्या इर्विन चौकात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या परिसरात औषध दुकानांच्या रांगा आहेत. अडचण आहे ती खर्च कुणी उचलायचा आणि जबाबदारीचा कागद कुणाच्या नावाने करायचा याची. दुकानदाराची भीतीही समजण्यासारखी आहे. लोकांनी आणून दिलेली मुदतबाह्य औषधे दुकानात सापडली आणि तपासणीला अधिकारी आले, तर त्याने काय सांगायचे? म्हणून हे काम अन्न व औषध प्रशासनाच्या लेखी आदेशाशिवाय हलणार नाही.

तोवर घरातल्या डब्याचे काय करायचे?

जवळच्या दुकानदाराला किंवा रुग्णालयाला औषधे परत घेता का, हे विचारावे. घेत असतील तर उत्तमच. नसतील तर गोळ्या पट्टीतून काढाव्यात, त्यांचा चुरा करू नये. चहाचा वापरलेला चोथा किंवा माती घेऊन त्यात त्या मिसळाव्यात, म्हणजे कचरा वेचणाऱ्याला किंवा जनावराला त्या गोळ्या म्हणून ओळखू येणार नाहीत. मिश्रण घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा बरणीत भरून, वर ‘मुदतबाह्य औषधे’ असे लिहून, ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्यावे. पातळ औषधालाही हीच रीत; बाटली बेसिनमध्ये रिकामी करू नये. डिपोवर जाऊन हे झिरपणारच नाही असे नव्हे, पण थेट नाल्यात ओतण्यापेक्षा ते बरे आणि चुकून कुणाच्या पोटात जाण्याचा धोकाही कमी.

पट्टी आणि बाटलीवरचे नाव-तारीख खरवडून टाकावी, कारण मुदतबाह्य माल नव्या वेष्टनात पुन्हा बाजारात येण्याचे प्रकार घडलेले आहेत. चुलीत किंवा अंगणात औषधे जाळू नयेत. दम्याचे पंप तर अजिबात नाही, ते फुटतात. कर्करोगाची औषधे जिथून उपचार घेतले त्या रुग्णालयालाच परत द्यावीत.

इन्सुलिनच्या सुया हा वेगळा विषय आहे. शुगरचे रुग्ण असलेल्या घरातून रोज एक-दोन सुया निघतात आणि त्या पिशवीतून थेट सफाई कामगाराच्या बोटात घुसतात. जाड प्लास्टिकची बाटली, म्हणजे फिनाइलची रिकामी बाटलीसुद्धा चालेल, त्यात सुया साठवून झाकण पक्के लावून, सांगून द्याव्यात.

सीलबंद उरलेल्या गोळ्या दान कराव्यात का? भावना चांगली आहे. मात्र रुग्णाच्या घरी जाऊन आलेली औषधे दानात घेऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मे महिन्यात अकोल्याच्या घरात ती किती तापली, हे पट्टीवर लिहिलेले नसते.

गुडघ्याला मलम लावून झाल्यावर हात आधी कागदाने पुसावेत आणि तो कागद कचऱ्यात टाकून मग धुवावेत. एवढ्याने डायक्लोफेनॅकचा बराच अंश मोरीत जायचा थांबतो.

डबा भरण्याआधीचा उपायही आहे. डॉक्टरांनी पाच दिवसांचे औषध लिहिले असेल तर दुकानात पंधरा गोळ्यांची अख्खी पट्टी घेण्याचा आग्रह नसावा. पट्टी कापून द्यायला काही दुकानदार कुरकुर करतात, कारण उरलेला तुकडा कंपनी परत घेत नाही. नेहमीच्या शुगर-बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम घेण्याआधी, पुढच्या तपासणीत डॉक्टर मात्रा बदलण्याची शक्यता आहे का, हे विचारून घ्यावे. बदललेल्या मात्रेच्या जुन्या गोळ्या हा घरोघरीच्या डब्यातला सर्वांत मोठा थर असतो. प्रतिजैविकाचे मात्र वेगळे. ते डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्यायचे असते, बरे वाटले म्हणून मध्येच थांबवून उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी ठेवायच्या नसतात. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे औषध नाही, एवढे समजायचे.